किरकोळ अडकले, घाऊक सुटले

हरियाणा राज्य १ नोव्हेंबर १९६६ रोजी अस्तित्वात आले आणि पुढच्याच फेब्रुवारीत तिथे विधानसभेची पहिली निवडणूक झाली. ८१ जागांच्या सभागृहात काँग्रेसला ४८ जागा मिळाल्या, भगवत दयाळ शर्मा मुख्यमंत्री झाले. पण अध्यक्षाच्या निवडणुकीतच त्यांच्या पक्षातल्या काही आमदारांनी अधिकृत उमेदवाराला पाडून राव बीरेंद्र सिंह यांना निवडून आणले, आणि आठवडाभरात तेच राव बीरेंद्र सिंह संयुक्त आघाडीचे मुख्यमंत्री झाले. याच धामधुमीत गयालाल नावाचे, अपक्ष निवडून येऊन काँग्रेसमध्ये गेलेले आमदार पंधरवड्यात तीनदा इकडून तिकडे झाले. चंदीगडला पत्रकारांपुढे त्यांना उभे करून राव बीरेंद्र सिंह म्हणाले, की गयाराम आता आयाराम झाले आहेत. ही जोडी देशभर गेली, मराठीतही रुळली. पण सरकारे पडत होती ती एकट्या गयालालमुळे नव्हेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात चरणसिंह १६ आमदारांसह काँग्रेसमधून बाहेर पडले आणि मुख्यमंत्री झाले. जुलैमध्ये मध्य प्रदेशात विजयाराजे शिंदे यांच्या पाठबळावर गोविंद नारायण सिंह ३६ आमदार घेऊन निघाले, द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार गेले आणि गोविंद नारायण त्या खुर्चीवर बसले. पुढे अठरा वर्षांनी जो कायदा झाला, तो गयालाल यांना डोळ्यांसमोर ठेवून झाला. गोविंद नारायण सिंह यांच्या वाटेने जाणाऱ्याला त्याने दार उघडे ठेवले. आजचे महाराष्ट्राचे, गोव्याचे आणि देशाचे राजकारण त्या दारातून आत आलेले आहे.

१९६७ मध्येच हे का घडले, हे पाहायला हवे. दोन वर्षे ओळीने पडलेला दुष्काळ, महागाई, जून १९६६ मधले रुपयाचे अवमूल्यन आणि नेहरूंनंतर काँग्रेसच्या राज्याराज्यांतल्या गटांना न उरलेला धाक, या सगळ्यांनी मिळून त्या निवडणुकीत काँग्रेसला अनेक राज्यांत बहुमताच्या काठावर किंवा त्याखाली आणून ठेवले. लोकसभेतही पक्षाला ५२० पैकी २८३ जागाच मिळाल्या. विरोधकांची आघाडी जनसंघापासून समाजवादी-साम्यवाद्यांपर्यंत पसरलेली, काँग्रेसविरोध एवढाच तिचा समान धागा. अशा सभागृहात चार-दोन डोकी इकडची तिकडे झाली, की सरकार जाते. ज्याच्या मतावर सरकार टिकते त्याच्या मताला भाव येतो, आणि भाव द्यायला सत्तेकडे सगळ्यात सोपी वस्तू असते मंत्रिपद. ‘घोडेबाजार’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्या बाजारातले चलन बऱ्याचदा नोटांचे नव्हते, खुर्च्यांचे होते.

हे आकड्यांनी दाखवून देण्याचे काम एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली झाले. डिसेंबर १९६७ मध्ये लोकसभेने पक्षांतराचा विचार करण्यासाठी समिती नेमावी असा ठराव केला आणि गृहमंत्री यशवंतराव चव्हाण तिचे अध्यक्ष झाले. जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू, मोतीलाल सेटलवाड, मधु लिमये यांच्यासारखी एकमेकांशी सहसा न पटणारी माणसे तीत होती. समितीने १९६९ च्या आरंभी अहवाल दिला. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीदरम्यान मिळून सुमारे ५४२ पक्षांतरे झाली होती, आणि १९६७ च्या निवडणुकीनंतरच्या एकाच वर्षात ४३८. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. सात राज्यांतल्या २१० फुटीर आमदारांपैकी ११६ जण, त्यांच्याच फुटण्यातून जन्मलेल्या सरकारांत मंत्री झाले. म्हणजे निम्म्याहून अधिक. समितीने निष्कर्षही सरळ काढला: पक्ष सोडणाऱ्याला ठरावीक काळ, किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये, आणि मंत्रिमंडळाच्या आकारालाच मर्यादा घालावी. गिऱ्हाईक असेल तोवर बाजार भरणारच, म्हणून समितीने हात घातला तो बक्षिसाला. माझ्या मते या विषयावर सरकारी कागदात लिहिले गेलेले हे सगळ्यात शहाणपणाचे निदान आहे, आणि ते पस्तीस वर्षे पडून राहिले.

पडून राहिले, कारण प्रत्येक मोठ्या पक्षाला कधी ना कधी फुटीरांची गरज होती. १९७३ मध्ये आणलेले घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेबरोबर संपले. जनता राजवटीतला प्रयत्न विधेयक मांडतानाच विरोध होऊन मागे घेतला गेला. दरम्यान जुलै १९७८ मध्ये महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांचे दोन काँग्रेसचे सरकार शरद पवार यांनी बाहेर पडून पाडले आणि अडतिसाव्या वर्षी ते पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हे शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात तेव्हापासून घुमत आहेत. पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी या प्रसंगाशी प्रामाणिक असले पाहिजे. त्या सरकारात समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, आणि सत्तेवर येताच त्याच महिन्यात विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ठराव योग्य होता. पण ज्यांनी पाच महिन्यांपूर्वी मत दिले होते त्यांना न विचारता सरकार बदलले गेले, हेही खरे, आणि ठरावाच्या थोरवीने ते धुऊन निघत नाही. पुढे जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परतताच हरियाणाचे भजनलाल आपल्या जनता पक्षाच्या मंत्रिमंडळासकट काँग्रेसमध्ये गेले. १९८४ च्या उन्हाळ्यात श्रीनगरमध्ये फारुख अब्दुल्ला यांचे आणि ऑगस्टमध्ये हैदराबादमध्ये एन. टी. रामाराव यांचे सरकार फुटिरांना हाताशी धरून पाडले गेले. रामाराव महिन्याभरात परतले, ते रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे.

या पार्श्वभूमीवर, चारशेहून अधिक जागा जिंकून आलेल्या राजीव गांधी यांनी जानेवारी १९८५ च्या शेवटच्या दोन दिवसांत बावन्नावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांतून मंजूर करून घेतली आणि राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. ज्याने स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडले किंवा पक्षादेश झुगारून मतदान केले, तो अपात्र. पण पक्षाचे एकतृतीयांश आमदार एकदम बाहेर पडले तर ती ‘फूट’, तिला अपात्रता नाही. दोनतृतीयांश दुसऱ्या पक्षात गेले तर ते ‘विलीनीकरण’, तेही क्षम्य. निवाडा कोण करणार? सभागृहाचा अध्यक्ष. त्याविरुद्ध न्यायालयात जाता येणार नाही, असेही लिहून ठेवले. फुटीला जागा ठेवण्यामागे समर्थन होते: १९६९ साली काँग्रेस फुटली तशी, विचारांवरून होणारी मोठी फूट कायद्याने दाबू नये. समर्थन पोकळ नव्हते. पण विचारांची फूट ओळखायची कशी, याला परिशिष्टाने दिलेले उत्तर होते डोकी मोजा. एकटा आमदार मनाला पटत नाही म्हणून पक्षाविरुद्ध मत देईल तर त्याची आमदारकी जाईल. आणि वीस जण मंत्रिपदांचा हिशेब मांडून निघतील तर ते तत्त्वनिष्ठ ठरतील. किरकोळ विक्रीला बंदी आणि घाऊकीला परवाना, ही टीका मधु लिमये यांच्यासारख्या समाजवाद्यांनी तेव्हाच केली होती. आणि चव्हाण समितीने ज्याच्यावर बोट ठेवले होते, त्या मंत्रिपदाबद्दल १९८५ च्या कायद्यात एक शब्द नव्हता.

डोकी मोजण्याचा हा नियम लगेच शिकून घेतला गेला. डिसेंबर १९९१ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले, तेव्हा पक्षाचे ५२ आमदार होते आणि पत्रावर सह्या होत्या १८. एकतृतीयांश म्हणजे १७ आणि थोडे वर. वाद धोरणाचा होता की पदाचा, हे कायद्याने विचारलेच नाही. अठरावी सही झाली की नाही एवढेच त्याने विचारले. अध्यक्ष मधुकरराव चौधरी यांनी फूट मान्य केली. गोव्यात ४० जणांच्या विधानसभेत तर एकतृतीयांश गाठायला हाताची बोटे पुरत. १९९० च्या जानेवारीपासून २००० च्या अखेरीपर्यंत तिथे डझनभर वेळा मुख्यमंत्र्याचा शपथविधी झाला. एप्रिल १९९४ मध्ये रवी नाईक यांचे एक सरकार तर सहा दिवस चालले. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कल्याणसिंह यांनी बसप आणि काँग्रेसमधून फुटून आलेल्यांना सांभाळण्यासाठी नव्वदहून अधिक मंत्री केले.

अध्यक्षाच्या अधिकाराचा प्रश्न १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाला, किहोतो होलोहान खटल्यात. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी परिशिष्ट वैध ठरले. न्यायालयाचे दार बंद करणारे कलम मात्र रद्द झाले. अल्पमतातल्या न्यायमूर्ती वर्मा आणि शर्मा यांचे म्हणणे मुद्दाम लक्षात ठेवायला हवे: अध्यक्षाची खुर्ची सभागृहातल्या बहुमताच्या मर्जीवर असते, म्हणून असा वाद सोडवणारा तटस्थ निवाडाकार तो असू शकत नाही. बहुमताने मात्र अध्यक्षपदाच्या प्रतिष्ठेवर विश्वास ठेवला. त्या विश्वासाचे पुढे काय झाले, हे २००३ च्या बसप फुटीत दिसले. तेरा आमदार मुलायमसिंह यांच्या बाजूला गेले. अध्यक्षांनी अपात्रतेचे प्रकरण लांबवले, तोवर संख्या वाढत गेली आणि फूट मान्य झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्या तेरा जणांना अपात्र ठरवले तो महिना होता फेब्रुवारी २००७. विधानसभेची मुदतच तेव्हा संपत आली होती.

वाजपेयी सरकारच्या काळात, २००३ च्या अखेरीस, एक्क्याण्णवावी घटनादुरुस्ती झाली आणि चव्हाण समितीचे म्हणणे एकदाचे घटनेत आले. एकतृतीयांशाची फूट गेली, मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा आली, आणि अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येणार नाही असे ठरले. ही खरी सुधारणा होती; नव्वद मंत्र्यांचे सरकार तेव्हापासून अशक्य झाले. पण बंदी ‘अपात्र ठरलेल्याला’ आहे, आणि अपात्र ठरवायचे कोणी? त्याच अध्यक्षाने. निवाडा लांबला, तर मंत्रिपद तोवर चालू. मणिपूरमध्ये २०१७ साली काँग्रेसतर्फे निवडून आलेला एक आमदार भाजपच्या सरकारात मंत्री झाला आणि तीन वर्षे राहिला. शेवटी मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्याला हटवले. दुसरी पळवाट राजीनाम्याची. कर्नाटकात २०१९ मध्ये सतरा आमदार गेले, मध्य प्रदेशात मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे यांच्याबरोबर बावीस जणांनी राजीनामे दिले, सभागृहाची संख्याच उतरली आणि कमलनाथ सरकार पडले. विजयाराजेंनी त्याच राज्यात काँग्रेसचे सरकार पाडले त्याला तेव्हा त्रेपन्न वर्षे होत आली होती. तिसरी पळवाट विलीनीकरणाची, आणि तिचे गणित गोव्यात उघडे पडले. मनोहर पर्रीकर यांच्या निधनानंतर दहा दिवसांनी, २७ मार्च २०१९ च्या मध्यरात्रीनंतर, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोघांनी विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन केल्याचे पत्र दिले. तिनाचे दोनतृतीयांश म्हणजे दोन. गोव्याचा पहिला मुख्यमंत्री देणारा पक्ष विधानसभेत दोन सह्यांनी विलीन ठरला. उपमुख्यमंत्रिपदावरून सुदिन ढवळीकर गेले आणि त्या दोघांपैकी एक उपमुख्यमंत्री झाला. जुलैमध्ये काँग्रेसचे पंधरापैकी दहा त्याच वाटेने गेले.

महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये जे घडले ते या सगळ्यांच्या पुढचे पाऊल होते. विधान परिषदेच्या मतदानाच्या रात्री, २० जूनला, एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतला निघाले, तिथून गुवाहाटीला. हॉटेलातून सांगोल्याच्या आमदारांनी फोनवर केलेले झाडी-डोंगराचे वर्णन घराघरांत पोचले, तोवर शिवसेनेच्या ५५ पैकी चाळीसच्या आसपास आमदार तिकडे जमले होते. फुटीची तरतूद कायद्यातून गेली होती. विलीन व्हायचे तर शिवसेना हे नाव सोडावे लागले असते. म्हणून दावा झाला तो, आम्हीच शिवसेना. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्या अपात्रतेच्या नोटिसांना उत्तर द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलैपर्यंत मुदत वाढवली, पण २९ जूनला बहुमत चाचणी थांबवायला नकार दिला. त्या रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी शिंदे यांचा शपथविधी झाला, ३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. म्हणजे ज्यांच्या अपात्रतेचा निवाडा करायचा होता, त्यांच्याच मतांचा आधार असलेला अध्यक्ष निवाड्याला बसला. १९९२ च्या अल्पमताने जी भीती मांडली होती, ती इतक्या स्वच्छ रूपात त्याआधी क्वचितच दिसली असेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने आमदार-खासदारांच्या संख्येवरून पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने सांगितले, की राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगणे समर्थनीय नव्हते, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, आणि भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा होती. पण ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत म्हणून त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, आणि अपात्रता अध्यक्षांनीच ठरवावी. अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी विधिमंडळातल्या संख्येवरून शिंदे गट हीच शिवसेना ठरवली. अपात्र कोणीच झाले नाही. दरम्यान २ जुलै २०२३ रोजी अजित पवार यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये तेच घडले होते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोग व अध्यक्ष दोघांचेही निकाल त्याच मापाने लागले. पूर्वी किती जण फुटले यावरून शिक्षा माफ होत होती. आता किती जण फुटले यावरून पक्षाची मालकीच ठरू लागली. गावोगाव शाखा चालवणारा, पोस्टर लावणारा, वर्गणी देणारा कार्यकर्ता या मोजणीत कुठेच नाही.

याला तीन उत्तरे दिली जातात आणि तिन्ही ऐकून घेण्यासारखी आहेत. पहिले असे, की २०१९ मध्ये भाजपबरोबर मते मागून शिवसेनेने काँग्रेस-राष्ट्रवादीशी हातमिळवणी केली, मतदाराचा विश्वासघात तिथेच झाला. नैतिक प्रश्न म्हणून हा आक्षेप मी मान्य करतो. पण पक्षाने उघडपणे आघाडी बदलणे आणि पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्यांनी पक्षच उचलून नेणे यांत फरक आहे: पहिल्यात मतदाराला पुढच्या वेळी कोणाला जाब विचारायचा हे ठाऊक असते. दुसरे उत्तर असे, की नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांनी कौल दिला. भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७, अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१, मग तक्रार कसली? पण त्याच मतदारांनी सहा महिन्यांपूर्वी लोकसभेला महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला दिल्या होत्या. दोन्ही कौल मानायचे, तर यातला एकही कौल जून २०२२ मध्ये मागितलेला नव्हता एवढेच सिद्ध होते. अडीच वर्षे निर्णय होत राहिले, ते कौलाच्या आधी. आणि मतदार मागाहून सगळे क्षमा करतो असे मानायचे, तर गोव्याकडे पाहावे. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवळात, क्रॉससमोर आणि दर्ग्यात नेऊन निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली, कारण दहा जणांचे जाणे लोक विसरले नव्हते. अकरा जण निवडून आले आणि सप्टेंबरमध्ये त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. दोनतृतीयांशाहून अधिक, त्यामुळे कायद्याच्या हिशेबात ठीक.

तिसरे उत्तर सगळ्यांत वजनदार आहे: आमदाराला विवेक असतो, त्याला पक्षाचा गुलाम करू नका. मान्य. आज आमदार एखाद्या किरकोळ विधेयकावर वेगळे मत देऊ शकत नाही, आणि गटाने जाऊन सरकार मात्र पाडू शकतो; विवेकाची याहून उलटी व्यवस्था कुठली? दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते, की पक्षादेशाची सक्ती विश्वासदर्शक ठराव आणि त्यासारख्या सरकारच्या अस्तित्वाशी जोडलेल्या मतदानापुरती ठेवावी. बाकी सभागृहात बोलू द्या, विरोधात मत देऊ द्या. पण पक्ष सोडायचा असेल तर जागा सोडून पुन्हा लोकांपुढे जावे, एकट्याने जाणाऱ्याने आणि चाळीस जणांनीही. विलीनीकरणाची सवलत काढून टाकावी. आणि निवाडा अध्यक्षाकडून काढून ठरावीक मुदतीत निर्णय देणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० च्या मणिपूर निकालात संसदेला सुचवले आहे.

हा दोष एका पक्षाचा नाही, हे दाखवायला काँग्रेसचीच उदाहरणे पुरेशी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बसपचे सहाच्या सहा आमदार काँग्रेसने विलीन करून घेतले. तेलंगणात २०१९ मध्ये तेलंगण राष्ट्र समितीने काँग्रेसचे अठरापैकी बारा आमदार गिळले. आणि पुढे सत्तेवर आलेल्या काँग्रेसने २०२४ मध्ये त्याच पक्षाचे, म्हणजे आताच्या भारत राष्ट्र समितीचे, दहा आमदार आपल्याकडे ओढले. त्यांतल्या एकाने आमदारकी न सोडता लोकसभेची निवडणूक काँग्रेसच्या चिन्हावर लढवली. अध्यक्षांकडून महिनोन्‌महिने नोटीसही निघाली नाही. ३१ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत निर्णय घ्या असा आदेश दिला आणि अध्यक्षाकडे हे काम ठेवावे का, याचा संसदेने फेरविचार करावा असे पुन्हा एकदा सांगितले. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस त्या दहा मतदारसंघांतल्या लोकांनी मत दिले होते. वीस महिने उलटले होते आणि त्यांचा आमदार कायद्याच्या नजरेत कोणत्या पक्षाचा आहे, याचा निवाडा अजून व्हायचा होता.